वाट्याला आलेलं

आमच्या लहानपणी झरीत मटण किलोनं येत नव्हतं, वाट्यानं यायचं. परभणीहून जिंतूरचा रस्ता धरला की आमचं गाव लागतं. आता मटण कधीही मिळतं. तेव्हा मात्र धूळवड, आखाड, पोळ्याची कर, नाहीतर कुणाचा तरी नवस, एवढेच दिवस. पाच-सहा घरं पैसे काढून एक बोकड ठरवायची. मुलाणी यायचा, सुरी फिरवायचा, आपला मान घेऊन जायचा. मग लिंबाच्या फांदीला बोकड टांगून सोलायचं आणि खाली पळसाची पानं मांडून वाटे घालायचे.

वाटे घालणारा माणूस ठरलेला असायचा. तराजू नाही, डोळ्याचं माप. प्रत्येक पानावर मांडीचं थोडं, छातीचं थोडं, मानेचे दोन तुकडे, एखादी नळी, काळजाची फोड, गुर्द्याची फोड. एकाला नुसतं मांस आणि दुसऱ्याला नुसती हाडं, असं चालायचं नाही. तरीही कुणाच्या मनात शंका राहू नये म्हणून शेवटी एका लेकराला वाट्यांकडं पाठ करून उभं करायचे. वाटे घालणारा एका पानावर बोट ठेवून विचारायचा, "ह्यो कुणाचा?" लेकरू न बघता सांगायचं, "आबाचा." दुसऱ्या पानावर बोट. "ह्यो?" "तात्याचा." एकदा नाव घेतलं की संपलं. कुणी कुरकुर करायची नाही.

ते पाठमोरं लेकरू मी कैकदा झालो. तेवढ्या वेळापुरता मी गावचा न्यायाधीश असायचो, आणि छाती उगंच फुगायची. पुढं कॉलेजात तत्त्वज्ञान हा विषय घेतला तेव्हा जॉन रॉल्स या अमेरिकन विचारवंताचं नाव कानावर आलं. त्यानं १९७१ सालच्या आपल्या पुस्तकात असं मांडलंय की न्यायाचे नियम ठरवताना माणसानं आपण कोण आहोत, श्रीमंत की गरीब, कोणत्या घरात जन्मणार, हे काहीच माहीत नसल्यासारखं बसावं. म्हणजे वाटणी सरळ होते. मला वर्गात हसू आलं. म्हणलं, हे तर आमच्या लिंबाखालचं पाठमोरं लेकरू.

पण ते हसू लवकरच जिरलं. कारण त्या पानांवर सगळं बोकड येत नव्हतं, हे मला आठवलं. वजडी, आतडी, रगत आणि कधीकधी खुर बाजूला एका पाटीत पडलेले असायचे. ती पाटी वाट्यात धरत नव्हते. बोकड सोलणारा, जागा झाडून-धुऊन देणारा माणूस काम झाल्यावर ती उचलून घेऊन जायचा. तो माझ्या दोस्ताचा बाप. "ह्यो कुणाचा?" असं त्या पाटीबद्दल कुणी मला कधी विचारलं नाही. आणि मी जी नावं घ्यायचो त्यात दोस्ताच्या बापाचं नाव कधी नव्हतं. लेकराची पाठ वळवली तरी त्याच्या डोक्यात नावं कोणती भरायची, हे गावानं आधीच ठरवलेलं असतं.

त्या पाटीचं पुढं काय होतं, ते मी एकदा बघितलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांची गोष्ट असेल. दुष्काळातल्या सुकडीची चव अजून जिभेवर होती. मी नऊ-दहा वर्षांचा. दोस्त आणि मी एका वर्गात, एका बाकावर. त्याची वस्ती गावाच्या कडेला. तेव्हा गाव तिला जातीच्या नावानं ओळखायचं, आता पाटी बदललीय. पोळ्याच्या करीला मी त्याच्या मागं-मागं त्याच्या घरी गेलो.

त्याची माय वजडी धुवायला बसली होती. मी तिला मावशी म्हणायचो. वजडी म्हणजे बोकडाचा कोथळा. आतून तो टॉवेलासारखा खरखरीत असतो, काळपट-हिरवा, आणि वास असा की नवखा माणूस उठून जाईल. मावशीनं कढत पाणी ओतलं, चुना लावला, सुरीच्या पाठीनं खरवडलं. परत पाणी, परत चुना, मग खडकावर घासणं. तासाभरानं ती वजडी पांढरीशुभ्र झाली. मग बारीक तुकडे, हळद-मीठ, आणि चुलीवर किती वेळ नुसतं रटरटू देणं. शेवटी येसर आणि वाटलेली लाल मिरची. तेल जवळपास नव्हतंच. वजडीची जी काही चरबी सुटली तीच.

दुसरीकडं रगत. ते मीठ टाकून भांड्यात धरलेलं, थिजून खरवसाच्या वड्यांसारखं झालेलं. त्याच्या फोडी उकडल्या, कुस्करल्या आणि कांद्या-मिरचीवर परतल्या. तिला रक्ती म्हणतात. परतल्यावर ती काळी-तपकिरी, मोकळी होते. कुणी सांगितलं नाही तर डाळ परतलीय असं वाटावं.

"काय बघायलास रं?" मावशी म्हणाली.

"मला पण दे की."

तिचा हात थांबला. "नगं माय. तुह्या आज्जीला कळलं तर माह्या दारात येऊन बोंबलंल."

"नाय सांगत."

ती बराच वेळ गप्प बसली. आज कळतं, त्या गप्प बसण्यात केवढी भीती होती. भूक माझी, पण शिक्षा झाली असती ती तिला. शेवटी तिनं ज्वारीची भाकर चुरली, वर वजडीचा रस्सा ओतला आणि जर्मलची ताटली माझ्यापुढं न देता खाली ठेवून सरकवली. मी खाल्लं. खोटं कशाला सांगू, त्या वर्षी खाल्लेल्या सगळ्या जेवणांत ते जेवण वरचढ होतं. मऊ, थोडं चिवट, चावताना रस्सा सोडणारं. मी परत मागून घेतलं.

आता माझ्या आज्जीबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आमच्या घरी मटण शिजायचं ते अंगणात तीन दगडांवर, वेगळ्या पातेल्यात, आणि रांधायचा बाप. आज्जी त्या दिवशी आत कोरडी भाकर आणि दही खायची. पण ती कधी नाकाला पदर लावायची नाही. आम्ही ओरपत असताना दारात बसून विचारायची, "झालं का रं लेकराहो पोटभर?" तिला नको होतं, ते तिच्यापुरतं. आमच्या ताटाला तिनं कधी नाव ठेवलं नाही. मात्र वस्तीतल्या पाण्याला आणि ताटलीला ठेवलं असतं, हेही खरं. माणूस एका जागी मोठा आणि दुसऱ्या जागी लहान असतो. तिच्या गुणासाठी मी तिचा दोष झाकणार नाही, आणि दोषासाठी गुण पुसणार नाही.

आठ-पंधरा दिवसांनी आम्ही पोरं नदीवर पोहायला गेलो होतो. कपडे काढताना एकानं दोस्ताला चिडवलं, "ह्याच्या अंगाला वजडीचा वास येतोय." सगळे हसले. मग तोच पोरगा माझ्याकडं वळला, "तू जातूस की ह्याच्या घरी. तू पण खाल्लं का?"

मी म्हणलो, "शी!"

एवढंच. एक अक्षर. दोस्त दोन हातांवर उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, काही बोलला नाही, आणि पाण्यात उडी मारली. तो मला सहज खोटं पाडू शकला असता. "काल-परवा दोनदा मागून खाल्लं की लेका," एवढं म्हणाला असता तर आज्जीनं मला तुडवलं असतं. तो गप्प राहिला. पन्नास वर्षं झाली, ते अक्षर मला अजून घशात अडकल्यासारखं वाटतं.

किळस म्हणजे काय, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. रांगतं लेकरू माती, मुंगी, शेण, काहीही तोंडात घालतं. त्याला किळस नसते, ती आपण शिकवतो. थोडी शिकवण गरजेची असते, सडकं-नासकं ओळखता आलं पाहिजे. पण तिच्यासोबत आपण बाकीचंही शिकवून टाकतो. मध घ्या. फुलातला रस माशी पोटातल्या पिशवीत भरून आणते आणि पोळ्यात परत तोंडावाटे काढते. आपण तो देवाला वाहतो. गाय व्याली की पहिल्या चिकाचा खरवस करतो आणि शेजारी वाटतो. दही म्हणजे जिवंत जंतूंनी आंबवलेलं दूध. यातलं काहीच आपल्याला ओंगळ वाटत नाही, कारण ते खाणाऱ्याला कुणी ओंगळ म्हणलेलं नाही. बोकडाची मांडी चालते आणि त्याच बोकडाची वजडी चालत नाही, यात वजडीचा काय दोष? ती धुतली की मांडीइतकीच स्वच्छ. पण तिला जो धुतो तो कोण आहे, ते आपल्याला माहीत असतं. आपण पदार्थाकडं बोट दाखवतो, पण ते बोट माणसाकडं असतं.

पुढं नोकरीनिमित्त मी गाव सोडलं आणि खाण्याचा शौक लागला. परभणीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरसात पाया खाल्ला. पाय जाळावर भाजून, खरवडून, रात्रभर शिजवलेले. ओठाला ओठ चिकटले पाहिजेत, नाहीतर तो पाया नाही. कोल्हापूरकडं रक्ती-मुंडी खाल्ली. गोव्यात सोरपोतेल खाल्लं. डुकराचं मांस, काळीज, दिल, सगळं बारीक चिरून शिर्का आणि मसाल्यात मुरवलेलं, जे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. गडचिरोलीच्या बाजूला लाल मुंग्यांची चटणी चाखली. लिंबू पिळल्यासारखी आंबट. ओडिशातल्या सिमिलीपालच्या तसल्याच चटणीला २०२४ च्या सुरुवातीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे सरकारी शिक्का बसला. पंचतारांकित हॉटेलातले आचारी तिच्याबद्दल बोलायला लागले. ज्या आदिवासींना त्याच मुंग्यांवरून लोक नावं ठेवायचे, त्यांना मात्र या कौतुकाचा किती वाटा मिळाला, कोण जाणे.

मुलगी स्कॉटलंडात असते. तिच्याकडं गेलो तेव्हा जानेवारी होता. पंचवीस जानेवारीला तिथं रॉबर्ट बर्न्स या त्यांच्या कवीची जयंती करतात. त्या रात्री हॅगिस खायचं. मेंढीचं काळीज, दिल आणि फुप्फुस बारीक करून, त्यात ओटची भरड, कांदा, चरबी, मिरपूड घालून मेंढीच्याच कोथळ्यात भरून उकडलेलं. ते ताट वाजतगाजत आणतात, लोक उभे राहतात, आणि बर्न्सनं १७८६ साली या पदार्थावर लिहिलेली कविता म्हणून मग सुरी लावतात. पहिला घास तोंडात गेला आणि मी मुलीला म्हणलं, "अगं, हे तर झरीचं आहे." ती हसली. मला मात्र गलबलून आलं. गरिबाच्या कोथळ्यापुढं अख्खा देश उभा राहतो, हे मी पहिल्यांदा बघत होतो. गंमत म्हणजे अमेरिकेनं फुप्फुस माणसाच्या खाण्यात चालू द्यायचं नाही असं १९७१ मध्ये ठरवलं, त्यामुळं अस्सल हॅगिस तिकडं विकायला बंदी. म्हणजे एका देशाचा मान, तो दुसऱ्याच्या कायद्यात अखाद्य.

रोम शहराचंही वाचलं. तिथल्या टेस्टाच्चो भागात मोठा कत्तलखाना होता. जनावराचे चार पाव करायचे आणि ते पैसेवाल्यांकडं जायचे. उरलेलं, म्हणजे आतडी, कोथळा, शेपूट, डोकं, याला ते 'पाचवा पाव' म्हणायचे. कामगारांना मजुरीतला काही भाग या पाचव्या पावानं मिळायचा. त्यांच्या बायकांनी त्यातून जे रांधलं, तेच आज त्या शहराची शान म्हणून हॉटेलात मिळतं. वाचताना माझ्या डोळ्यापुढं ती पाटी आली. दोस्ताचा बाप आला.

लंडनात एका आचाऱ्यानं १९९४ साली हॉटेल काढलं, फर्गस हेंडरसन त्याचं नाव. मारलंच आहे जनावर तर नाकापासून शेपटीपर्यंत सगळं खावं, तेच त्याच्याशी सभ्यपणानं वागणं, असं तो मांडतो. त्याच्याकडं भाजलेली नळी पावासोबत मिळते आणि लोक लांबून येतात. विचार मला पटतो. एका जिवाचा जीव घेतला आणि त्यातलं निम्मं उकिरड्यावर टाकलं, तर ते पाप दुप्पट. पण मनात एक खडा राहतोच. हा विचार दोस्ताच्या मायनं न बोलता आयुष्यभर पाळला. तिला कुणी विचारवंत म्हणलं नाही.

आपल्याकडं या खाण्याची नोंद उशिरा झाली. दया पवारांच्या 'बलुतं'नं १९७८ साली गावकुसाबाहेरची भूक आणि त्या भुकेनं खायला लावलेलं अन्न पांढरपेशा वाचकापुढं ठेवलं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाचं ते पुस्तक आहे. तूप नाही, दूध नाही, तेल जेमतेम, अशा चुलीवर काय काय शिजत होतं ते त्यात आहे. नावातल्या 'अपूर्ण' या शब्दातच सगळं आलं. मी ते एका बैठकीत वाचलं. वजडीचं पान आलं आणि ठरवलं, झरीला जायचं.

दोस्त नोकरीतून निवृत्त होऊन गावीच राहतो. पक्कं घर आहे, दारात जास्वंद आहे. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. मी उत्साहात होतो. हॅगिसचं सांगितलं, रोमचं सांगितलं, पुस्तक हातात दिलं. मग म्हणलं, "उद्या वजडी आणू. मावशीसारखी करू. मी स्वतः धुतो."

तो म्हणाला, "तू कर, तू खा. मला नगं."

"कामून? आता तर जग खायलंय."

"जग खाऊ दे की."

थोडा वेळ गेला. मग तो शांतपणे बोलायला लागला. "हे बघ. बाबासाहेबांनी महाडला सांगितलं, मेलेल्या ढोराचं खाऊ नका. साल सत्तावीस. आपल्याकडं तवा निजामाचं राज. तरी ती गोष्ट इथवर आली. माह्या आज्ज्यानं सोडलं. लोकं उपाशी राहिले, पण ढोर ओढलं नाही. बापानं ते पाळलं. बोकडाची वजडी मात्र चालू होती, ती काही मेलेल्याची नव्हती, आणि दुसरं परवडत नव्हतं. मी नोकरीला लागलो आणि पहिल्या पगारात मटण आणलं. मांडीचं. मायला म्हणलं, आता पाटी आणायची नाही. ती रडली."

"पण चव..."

"तुला चव आठवती. कारण तू एकदा आलास, खाल्लास, घरी गेलास. तुला कुणी तेवढ्यावरून ओळखलं नाही. आमची ती ओळखच होती. तू हौसेनं खातूस. आम्ही वाट्याला आलं म्हणून खाल्लं. पदार्थ एकच, पण ती एकच गोष्ट नाही."

मी पुस्तकाकडं बघत बसलो. मग म्हणलं, "नदीवरचं आठवतं का तुला?"

"आठवतं."

"मी तवा..."

"लहान होतास."

"तू पण लहानच होतास की."

तो काही म्हणाला नाही. मीही माफ कर असं काही बोललो नाही. पन्नास वर्षांनी तो शब्द काढला असता तर ओझं माझं उतरलं असतं आणि त्याच्या डोक्यावर बसलं असतं, की आता याला माफ करायचं. तेवढं तरी मी टाळलं. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

परतीच्या गाडीत मला तीन शब्द सुचत राहिले. शी, वा आणि नको. लहानपणी मी 'शी' म्हणलो आणि एका माणसाला खाली ढकललं. मोठेपणी जगभर 'वा' म्हणत फिरलो आणि मला वाटलं, फेड झाली. पण 'वा' म्हणणाराही ताटाकडंच बघत असतो. ते ताट कुणाचं, त्याच्यावर ते का आलं, हे न विचारता केलेलं कौतुक ही 'शी'चीच दुसरी बाजू आहे. दोन्ही वेळा मी ठरवणार, तू ऐकणार. आज्जीनं दह्यासोबत भाकर खाल्ली तो 'नको' होता. दोस्ताच्या आज्ज्यानं उपाशीपोटी ढोर नाकारलं तोही 'नको' होता, आणि त्याची किंमत आज्जीच्या 'नको'पेक्षा कितीतरी जास्त होती. 'नको' हा शब्द आपल्या ताटापुरता असतो. तो म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, खाणाऱ्यालाही आणि न खाणाऱ्यालाही. 'शी' दुसऱ्याच्या ताटात पडते. ती म्हणायचा हक्क कुणालाच नाही, शाकाहारी असो, मांसाहारी असो, की सगळं चाखून झालेला माझ्यासारखा शौकीन असो.

त्या दिवशी दोस्ताच्या घरी आम्ही वरण, भाकर आणि ठेचा खाल्ला. एका ताटात नाही, पण शेजारी-शेजारी बसून. त्याचा नातू संभाजीनगरला शिकायला आहे, सुट्टीला आलेला. तो ते पुस्तक चाळत होता. म्हणाला, "आबा, पणजी करायची तशी रक्ती एकदा करून बघू का? मी बाजारातून आणतो."

मला वाटलं, दोस्त रागावणार. तो हात धुवायला उठला आणि जाता जाता म्हणाला, "कर की. मीठ भांड्यात आधी टाकायचं असतं, नाहीतर धरत नाही."

मग माझ्याकडं बघून म्हणाला, "त्याला खाऊ दे. त्याला अजून कुणी शी म्हणलेलं नाही."